जुनं घर आवरताना, वस्तू सोडताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सासरचा वाडा लातूर जिल्ह्यात, औसा तालुक्यातल्या एका गावात. दोन पावसाळ्यांत माळवदाची, म्हणजे मातीच्या सपाट छताची, मागची बाजू खचली आणि तो रिकामा करायचं ठरलं. काम माझ्या गळ्यात पडलं, कारण तीन जावांत नोकरीतून निवृत्त झालेली मी एकटीच. नऊ महिने लागले. नंतर माहेरचं घर आवरलं, मग नणंदेचं, मग ओळखीपाळखीतली. फोनवर लोक तेच तेच विचारतात, म्हणून एकदाचं लिहून ठेवते.

सुरुवात कुठून करावी?

संदुकीपासून करू नका. मी तीच चूक केली. पहिल्याच दिवशी सासऱ्यांची लोखंडी ट्रंक उघडली. वरच काळा कोट, घडीवर पिवळट रेघ पडलेला. खिशात कातरलेल्या सुपारीची दोन खांडं आणि शाई उडालेलं एस.टी.चं तिकीट. सुपारी अजून कडक होती. ती मुठीत घेऊन माजघराच्या उंबऱ्यावर बसले, ती बाहेर टँकर आल्याचा आरडाओरडा झाला तेव्हा उठले. दिवस गेला, ट्रंक तशीच.

न्हाणीपासून सुरू करा. फुटकी टमरेलं, गंजके तेलाचे डबे, युरियाच्या रिकाम्या गोण्या, एका पायाच्या चपला. हे टाकायला कोणाला विचारावं लागत नाही आणि तुमचा हात बसतो. मग माळा, मग स्वयंपाकघर, मग माजघर. संदूक आणि फोटो सगळ्यात शेवटी. याला अपवाद फक्त कागदांचा. ते दिसतील तिथून उचलून पहिल्या दिवसापासून एका जागी जमवायचे.

कोणत्या दिवसांत करावं? पितृपक्षात चालतं का?

आपल्याकडं घटस्थापनेआधी सगळं घर धुऊन निघतं. वाकळांपासून, म्हणजे गोधड्यांपासून, पाटापर्यंत काही सुटत नाही. म्हणजे ही आवराआवर ऐन पक्षपंधरवड्यातच येते. पक्षात नवं आणू नये म्हणतात. जुनं काढू नये, असं मला तरी कोणी सांगितलेलं नाही.

पण आख्खा वाडा रिकामा करायचा असेल तर दिवाळीत सगळे जमतात तेव्हा ठरवा आणि संक्रांतीपर्यंत उचला. पावसाळ्यात जुन्या कागदांचे गठ्ठे सोडू नका, ओलसर पानं एकमेकांना चिकटून फाटतात. आणि मे महिन्यात माळ्यावर चढायची हौस असेल तर चढा बापडे.

कागदांची पोती रद्दीत द्यावीत का?

मराठवाड्यात तरी नको. दहा वर्षांपूर्वीचं सगळं फाडून टाका, असा सल्ला शहरातली मंडळी देतात. आपला मुलूख १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. जुनं दप्तर उर्दूत, काही मोडी लिपीत, आणि कचेरीत गेलं की "नोंद सापडत नाही" हे ऐकायला मिळतंच. मग घरातला पिवळा पडलेला कागद हाच आधार उरतो.

जमिनीचे म्हणून ठेवायचे ते असे: १९५४-५५ चं खासरा पत्रक, जुने सातबारे आणि फेरफार, खरेदीखत, वाटणीपत्र, इनाम असेल तर मुंतखब (इनामाचा निजामी कागद), आणि १९५० च्या हैदराबाद कूळ कायद्याखाली मिळालेलं प्रमाणपत्र. या शेवटच्या कागदाची किंमत ज्यांची जमीन त्यावर उभी आहे त्यांनाच कळते.

दुसरा गठ्ठा जातीच्या दाखल्यासाठी. आजोबा-पणजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला, प्रवेश-निर्गम उतारा, जन्म-मृत्यूची नोंद, जुन्या नोकरीचं सेवापुस्तक. पडताळणीत अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती-भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ या तारखांच्या आधीचा पुरावा मागतात. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायला न्या. संदीप शिंदे समिती नेमली गेली, तेव्हा गावोगाव लोकांनी संदुका उपसल्या. ज्यांनी आदल्या दिवाळीत "स्वच्छता" केली होती त्यांचे चेहरे मी पाहिलेत.

फेकायचं ते असं: वीजबिलं, फोनबिलं, किराणाच्या वह्या, परक्यांच्या लग्नपत्रिका. सोसायटीच्या कर्जाच्या पावत्या बेबाकी दाखला, म्हणजे कर्ज फिटल्याचा कागद, हातात असेल तरच टाका.

ठेवायच्या कागदांना लॅमिनेशन करू नका, ते पुन्हा निघत नाही. गंजलेल्या टाचण्या काढा, फोनवर फोटो घ्या, झेरॉक्स काढा आणि मूळ कागद पत्र्याच्या पेटीत ठेवा. पेटी जमिनीला टेकवू नका, खाली चार विटा द्या. वाळवी माणसापेक्षा चिकाटीची.

उर्दू किंवा मोडी वाचता येत नाही. कागद कामाचा आहे हे कसं कळणार?

आधी साल बघा. निजामी कागदावर फसली साल असतं. त्यात ५९० मिळवले की इसवी सन साधारण निघतो. १३५७ फसली म्हणजे १९४७-४८. एवढ्यावरून निम्मा गोंधळ सुटतो. उर्दूसाठी गावातले जुने मौलवी किंवा निवृत्त शिक्षक गाठा. मोडीसाठी छत्रपती संभाजीनगरच्या पुराभिलेख कार्यालयापासून चौकशी सुरू करा. वाचायला देताना फोटो द्या, मूळ कागद घराबाहेर पाठवू नका.

पितळेची भांडी मोडीत द्यावीत का?

द्या, पण आधी वाचा. वाचा म्हणजे खरंच वाचा. जुन्या भांड्यांवर टाचे मारून नाव टाकलेलं असतं, चिंच-मिठानं घासलं की दिसतं. आम्ही एकसष्ट भांडी अंगणात मांडली आणि पुतण्यानं एकेक घासून नावं मोठ्यानं वाचली. एका तपेल्याच्या काठावर जे नाव निघालं ते कोणाच्याच ओळखीचं नव्हतं. कोण ही बाई? आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, खाटेवरून म्हणाल्या, "आरं, ती मीच की." माहेरचं नाव. साठ वर्षांत त्या घरात ते कोणी उच्चारलं नव्हतं, त्यांच्या नवऱ्यानंही नाही. ते तपेलं अर्थात मोडीत गेलं नाही. नातीनं पुण्याला नेलं आणि त्यात मनीप्लांट लावलाय. माझ्या धाकट्या जावेला ते आवडलं नाही. मला आवडलं.

बाकी व्यवहाराचं: घरी वजन करून मगच दुकानात जा. तांबं आणि पितळ वेगळं लावा, तांब्याचा भाव जास्त असतो. दारावर येणाऱ्या फेरीवाल्याला घंगाळासारखं जड भांडं देऊ नका. त्याचा काटा त्याचाच असतो. वापरायला ठेवाल त्या पितळेच्या भांड्यांना कल्हई करून घ्या, नाहीतर आमटी कळकते.

सासूबाई काहीच टाकू देत नाहीत. काय करावं?

"टाकू का" हा शब्दच चुकतो. आमचं सुपाचं उदाहरण सांगते.

"आत्याबाई, हे सूप टाकू का?"

"ठिव माय. लागतंय."

"कशाला लागतंय आता?"

"लागतंय म्हनलं की!"

चार महिन्यांनी तेच सूप पुढं धरून विचारलं, "आत्याबाई, हे कुनाला देऊ?"

"शेजारच्या मामीच्या सुनंला दे. तिच्यात सूप न्हाई."

एवढंच. त्यांना सूप नको होतं. सूप उकिरड्यावर गेलेलं नको होतं. तेव्हापासून मी प्रत्येक वस्तूला "कोणाला" असंच विचारते. त्यांच्या डोळ्यांआड मात्र काहीही हलवू नका. म्हाताऱ्या माणसाला रात्री झोप नसते आणि घरातली मोजदाद तोंडपाठ असते.

भावाभावांत वस्तू कशा वाटायच्या?

भावांचं नंतर. आधी बहिणींना बोलवा.

वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतका हक्क महाराष्ट्रात १९९४ ला आणि देशभर २००५ ला मिळाला. तरी आपल्याकडं बहीण हक्कसोड करून देते, वर्षाची चोळी-बांगडी घेते आणि गप्प राहते. हे बरोबर आहे असं मी म्हणत नाही. पण जिनं जमिनीवर पाणी सोडलं तिला निदान आईचा पानाचा डबा हवा का, एवढं तरी विचाराल की नाही? माझ्या पाहण्यातली चार मोठी भांडणं "मला न विचारता दिलं" या एका वाक्यावर पेटली. वस्तू कोणतीही दोनशे रुपयांच्या वरची नव्हती.

पद्धत साधी. सगळं ढाळजेत, म्हणजे वाड्याच्या दाराजवळच्या ओसरीत, मांडा. आळीपाळीनं एकेकानं एक वस्तू उचलायची; पहिली पाळी बहिणींची, मग धाकट्याकडून थोरल्याकडे. जो आला नाही त्याला व्हिडिओ कॉल लावा. "मी नव्हतो" हे पुढं दहा वर्षं ऐकण्यापेक्षा दहा मिनिटांचा कॉल स्वस्त. आणि दोघांनी एकाच वस्तूवर हात ठेवला तर चिठ्ठी टाका. थोरलेपण मधे आणू नका.

गेलेल्या माणसाचे कपडे कधी काढावेत?

तेराव्यानंतर लगेच काढणारी घरं आहेत, वर्षश्राद्धापर्यंत न हलवणारीही आहेत. नवरा किंवा बायको मागं असेल तर त्यांनी म्हणेपर्यंत थांबा. लेकी-सुनांनी घाई करू नये. एखादा कपडा न धुता ठेवावासा वाटला तर ठेवा, त्यात वेडेपणा काही नाही. चांगले कपडे ओळखीच्या गरजू माणसाला थेट द्या. बोहारणीला दिलेत तर तेच धोतर कोणाच्या तरी अंगावर आठवडी बाजारात दिसू शकतं. मनाची तयारी असेल तरच द्या. माझ्या वडिलांचा सदरा मला तसा दिसला होता. त्या माणसाला तो नीट बसत होता.

वाकळा किती ठेवाव्यात?

आमच्याकडं बावीस निघाल्या. एक उसवली तर आत आणखी जुनी वाकळ, तिच्या आत लुगड्याचे तुकडे. वरून खाली तीन पिढ्यांच्या बायकांचं नेसणं. आत्याबाई बोट ठेवत गेल्या: हे इरकल माझ्या सासूचं, ही साडी थोरलीच्या बाळंतपणातली, हे पोराचं अंगडं.

अंबाजोगाईला संतकवी दासोपंतांची पासोडी आजही आहे. सुमारे ४० फूट लांब, ४ फूट रुंद कापडावर लिहिलेली, चारशे वर्षांपूर्वीची. पण प्रत्येक घरात दासोपंत नव्हते. दोन ठेवा, बाकी द्या. थंडीत ऊसतोडीच्या कोप्यांवर वाकळ कधी वाया जात नाही. ठेवायच्या दोन उन्हात वाळवून, सुती कापडात बांधून ठेवा.

आईची जुनी पैठणी कोणी नेसत नाही. विकावी का?

विकण्याआधी साडीची जरी तपासा. खऱ्या जरीत रेशमी धाग्यावर चांदीची तार असते, वर सोन्याचा मुलामा. "जुनी जरीची साडी घेणार" म्हणून फिरणारे ती जाळून चांदी काढतात, साडीचं त्यांना काही नसतं. पदर शाबूत असेल तर लेकीसाठी ओढणी किंवा खण करून घ्या. ठेवणार असाल तर मलमलीत गुंडाळा, प्लॅस्टिकमध्ये नको, डांबरगोळी कापडाला लागू देऊ नका, आणि दर तीन-चार महिन्यांनी घडी मोडून दुसरीकडून घाला. एकाच घडीवर रेशीम कातरतं.

देवघर कसं आवरावं?

टाक झिजून चेहरा दिसेनासा झाला तर सोनाराकडून त्याच चांदीत नवे पाडून घेतात. भंगलेल्या मूर्तीचं विसर्जन करतात. पण मांजरा नदी उन्हाळ्यात कोरडी असते, तेव्हा पाण्याची वाट बघा, नाहीतर शेतात खड्डा घ्या. देवांचे फुटके फोटो पिंपळाखाली ठेवायची पद्धत मला अजिबात पटत नाही. देव ऊन-पावसात आणि काचा पोरांच्या पायात. काच-चौकट काढा, कागद वेगळा विसर्जित करा.

महालक्ष्म्यांचा प्रश्न खरा अवघड. मुखवटे, कोथळ्या, साड्या, आरास मिळून एक आख्खी खोली, आणि बसतात तीन दिवस. मुखवटे थोरल्याकडे, हे बहुतेक घरांत ठरलेलं असतं. पण थोरला पुण्यात दोन खोल्यांत राहत असेल तर? जिला करायची इच्छा आहे तिच्याकडं द्या, मग ती धाकटी असो. आमच्यात यावर दोन वर्षं अबोला होता. आता त्या मधल्या जावेकडं बसतात आणि सगळे तिकडं जेवायला जातो.

फोटोंचं काय करावं?

काचेला चिकटलेला फोटो ओढून काढू नका, काचेसकट स्कॅन करा. छोटे फोटो ६०० डीपीआयवर स्कॅन केले तर मोठे करता येतात. पण त्याआधी मागं पेन्सिलनं नावं लिहा. लग्नाच्या ग्रुप फोटोतली मागची रांग ओळखणारं माणूस घरात एकच उरलेलं असतं.

हाली सिक्के, म्हणजे निजामाची नाणी, सापडले. लाखात विकतात म्हणे?

नाही विकत. चारमिनार असलेला निजामाचा रुपया चांदीचा आहे, त्याला चांदीची आणि थोडी हौसेची किंमत येते. फोनवर "तुमचं नाणं दहा लाखाला घेतो, आधी नोंदणी फी भरा" म्हणणारा चोर समजा. शंभर वर्षांहून जुनी नाणी आणि मूर्ती १९७२ च्या पुरावशेष कायद्यात येतात. परवानगीशिवाय देशाबाहेर पाठवता येत नाहीत. परदेशातल्या भाच्याला "भेट" म्हणून देण्याआधी हे आठवा.

पोथ्या, पुस्तकं?

छापील पुस्तकं गावच्या ग्रंथालयाला विचारून द्या. पोतं नेऊन दारात टाकू नका, त्यांच्याकडंही जागा नसते. हस्तलिखित पोथी रुमालात बांधलेली असेल तर ती रद्दीही नाही आणि नदीत सोडायचीही नाही. ७५ वर्षांहून जुनी, मोलाची हस्तलिखितंही त्याच १९७२ च्या कायद्यात येतात. संग्रहालयाला द्यायची कल्पना चांगली. धाराशिव जिल्ह्यातल्या तेरचं सरकारी संग्रहालय रामलिंगप्पा लामतुरे यांनी जमवलेल्या वस्तूंतूनच उभं राहिलं. फक्त देताना यादी करून पोच घ्या.

वाड्याचं लाकूड विकताना काय बघावं?

उक्तं देऊ नका. सगळं एकदम बोली लावून घेणारा माणूस कोरीव चौकट, खांब आणि सरपण एकाच भावात नेतो. तुळया घनफुटावर, कोरीव दरवाजा वेगळा, खिडक्या वेगळ्या. उतरवायच्या आधी जागेवर फोटो काढा. आमच्याकडं हे उशिरा सुचलं. ढाळजेचा दरवाजा आता कुठल्याशा हॉटेलात आहे म्हणतात.

फवारणीच्या जुन्या बाटल्या आणि धान्यातल्या गोळ्या सापडल्या तर?

भंगारवाल्याला देऊ नका, धुऊन वापरू नका. धान्यात ठेवायच्या गोळ्यांना ओल लागली की विषारी वायू सुटतो. बंद खोलीत डबी उघडू नका, पाणी लावू नका, पोरांना लांब ठेवा आणि कृषी खात्याच्या माणसाला कळवा.

पाण्याचे ड्रम आणि हंडे तरी कमी करावेत ना?

लातूरकराला हे विचारू नये. एप्रिल २०१६ मध्ये आमच्यासाठी मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. ज्यांनी ते बघितलं त्यांच्या गच्चीवर चार ड्रम राहणारच. फुटके काढा, चांगले राहू द्या.

तसंच माळ्याचं. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला. दगड-मातीच्या भिंती आणि माळवदांच्या ओझ्याखाली माणसं गेली. तेव्हापासून मी झोपायच्या जागेवर जड काही ठेवत नाही. नव्या घरातही पितळेचे डबे खालच्या फडताळात, माळ्यावर गाद्या आणि रिकाम्या बॅगा. पाहुणे हसतात. हसू देत.

देऊन टाकल्यावर पस्तावा झाला तर?

होतो. सासऱ्यांचा अडकित्ता लोखंडाच्या ढिगात गेला, माझ्या हातून. दुसऱ्या दिवशी भंगारवाल्याकडं गेले तर गाडी जालन्याकडं निघून गेलेली. घरात कोणी बोललं नाही, यांनीही नाही. पण सुपारी फोडायला यांनी पुन्हा अडकित्ता आणला नाही, कातरलेली पुडी आणतात. म्हणून आता मी ढीग लगेच उचलू देत नाही. आठ दिवस दारात राहू देते. येता-जाता ज्याला जे काढायचं ते काढतो.

जातं कोणीच घेत नाही. काय करावं?

बागेत पायरी म्हणून लावतात, ते मला बघवत नाही. गावात लग्नाच्या हळदीला अजून जातं लागतं. भावकीत एका घरी ठेवा, लोक तिथं येतात. आमचं तसंच आहे.

पण देण्याआधी ओव्या घ्या. गी पॉइतवँ आणि हेमा राईरकर यांनी जमवलेल्या ओव्यांची संख्या लाखावर जाते, त्यात माजलगावच्या बायकांच्याही आहेत. तुमच्या घरातल्या त्यात नसतील. आत्याबाईंना आधी नुसतं "ओवी म्हणा" म्हटलं, तर "आता कुठली आठवती" म्हणाल्या. मग त्यांना जात्यापाशी बसवलं, खुंटा हातात दिला. रिकामं जातं खडखडलं, तरी काही नाही. शेवटी जाऊबाईंनी जात्याच्या तोंडात मूठभर ज्वारी टाकली, पाळू दबली, घरघर बदलली, आणि तिसऱ्या फेऱ्याला ओवी आली. चाळीस मिनिटं रेकॉर्डिंग झालं. तेव्हा फोन चार्ज करून ठेवा आणि ज्वारी विसरू नका.